बारा ठिकाणं, तीन टोळ्या आणि एक कुलूप: शहरशोधाची पाचवी फेरी

चौथी फेरी फसली होती. म्हणजे कशी, तर सव्वा तासानंतर अकरापैकी सात जण एका बाकावर बसून फोन बघत होते आणि उरलेले चार कोडी सोडवत होते. त्या चौघांना भारी मजा आली. बाकीच्यांनी संध्याकाळी अगदी प्रेमाने सांगितलं, "छान होतं गं, पण पुढच्या वेळी आम्ही थेट जेवायलाच येऊ." लागलं मनाला. म्हणून या वेळी कोडी बाजूला ठेवली आणि वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला: कुठल्याही क्षणी टोळीतल्या प्रत्येकाच्या हाताला काय काम आहे?

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. आमचा दहा-बारा जणांचा गोतावळा वर्षातून एकदा-दोनदा एखाद्या शहरात जातो आणि त्यातला अर्धा दिवस माझ्या ताब्यात असतो. तेवढ्या वेळात ते शहर म्हणजे आमचा पट. सर्वांत लहान भाची बारा वर्षांची, सर्वांत मोठे काका अडुसष्टचे. पायी चालायचं, वाहन नाही.

टोळ्या

अकरा जणांच्या दोन टोळ्या करण्याची चूक तीनदा केली. पाच-सहा जण एका कागदाभोवती उभे राहिले की मागच्या दोघांना फक्त खांदे दिसतात. आता 4, 4 आणि 3. प्रत्येक टोळीत एकाकडे नकाशा, एकाकडे खुणांचा कागद, एकाकडे घड्याळ, एकाकडे उत्तरांची वही आणि पेन. तिघांच्या टोळीत घड्याळ आणि वही एकाच हाती. प्रत्येक ठिकाणी काम पुढच्याकडे सरकतं. हा फेरपालट कागदावर बालिश वाटतो, पण नकाशा हातात आल्याशिवाय तोंड न उघडणारी वहिनी दुसऱ्याच चौकात "थांबा, आपण उलटे चाललोय" म्हणाली, आणि ते खरं होतं.

फोन एकच, चिकटवलेल्या पाकिटात, अडीअडचणीसाठी. पाकीट फोडलं तर 10 गुण वजा. या वेळी एकच पाकीट फुटलं, तेही काकांनी फोटोसाठी फोडलं. वजा केलेच.

मांडणी

आधीच्या फेऱ्यांत पहिलं कोडं सुटल्याशिवाय दुसरं मिळत नव्हतं. एका ठिकाणी अडकलं की सगळंच अडकलं. या वेळी रोगेनिंगची पद्धत उचलली. 1976 मध्ये मेलबर्नमध्ये सुरू झालेला हा खेळ मुळात रानावनातला. त्यात सगळी ठिकाणं आधीच नकाशावर दिलेली असतात, प्रत्येकाला गुण असतात, वेळ ठरलेला असतो आणि कुठून कुठे जायचं ते टोळीने ठरवायचं. मोठ्या स्पर्धा 24 तास चालतात. आम्हाला 150 मिनिटं पुरे. जवळच्या सोप्या ठिकाणाला 10, लांबच्या किंवा डोकं खाणाऱ्याला 50. उशिराला मिनिटामागे 5 गुण दंड.

नकाशा 1:5000, म्हणजे 1 सेंटिमीटरला 50 मीटर, काळा-पांढरा, एका ए-4 कागदावर. सोबत शिवणाचा दोरा. रस्त्यांच्या वळणांवर दोरा लावत जायचा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजायचा. मी स्वतः सगळी बारा ठिकाणं जोडली तेव्हा दोरा 96 सेंटिमीटर भरला, म्हणजे 4.8 किलोमीटर. घोळक्याने, बघत बघत, ताशी 3 किलोमीटर धरले तर नुसतं चालण्यातच 96 मिनिटं जातात. उरली 54. म्हणजे ठिकाणामागे साडेचार मिनिटं, आणि आमच्या लोकांना साडेचार मिनिटांत सावलीत कुठे उभं राहायचं तेही ठरवता येत नाही. थोडक्यात, सगळं होणार नाही, काहीतरी सोडावं लागेल. हे मुद्दामच.

खरी मजा इथेच आली. बारा ठिकाणांचे क्रम किती? 47,90,01,600. सुरुवातीला नकाशावर वाकून जी भांडणं झाली ती मला बाकावरून ऐकू येत होती. "मावशी, तू दोरा धर." "अगं पण नदीपलीकडचं पन्नासचं सोडायचं?" "पलीकडे जाऊन यायलाच पाऊण तास." दहा मिनिटांत एकही पाऊल पडलं नव्हतं आणि अकराही जण गुंतलेले होते. चौथ्या फेरीत हे दृश्य शेवटपर्यंत दिसलं नव्हतं.

खुणा निवडताना

माझी चाळणी आता अशी: उत्तर तिथे उभं राहूनच मिळालं पाहिजे, आणि ते सहा महिन्यांनीही तिथेच असलं पाहिजे. तिसऱ्या फेरीत मी एका रंगवलेल्या पाटीवर भिस्त ठेवली होती. आम्ही पोहोचायच्या आधीच कोणीतरी तिला नवा रंग दिला. तेव्हापासून दगड, लोखंड आणि पितळ यांवरच विश्वास. कठड्याला भाल्याची टोकं किती, कोनशिलेवरच्या सालातल्या आकड्यांची बेरीज किती, मनोऱ्याच्या तबकडीवर चार कसा लिहिलाय. हा शेवटचा प्रश्न माझा लाडका आहे. रोमन आकड्यांच्या घड्याळांत चारासाठी पुष्कळदा चार उभ्या रेघा असतात, शाळेत शिकवतात तसं रेघ आणि पाचाचं चिन्ह नसतं. तीन टोळ्यांपैकी दोघींनी वर न बघताच शाळेतलं उत्तर लिहिलं. एरवी दिवसभर त्याच घड्याळाकडे बघून "उशीर झाला" म्हणत होते.

कोनशिलेने मात्र मला गोत्यात आणलं. शेवटच्या आकड्याचा टवका उडालेला, 1 की 7 कळेना. आदल्या दिवशी मी ती संध्याकाळी पाहिली होती, तिरप्या उन्हात कोरीव काम स्वच्छ दिसत होतं. सकाळी समोरून ऊन, सगळं सपाट. दोन्ही उत्तरं बरोबर धरली. पुढच्या वेळेपासून पाहणी खेळाच्याच वेळेला करणार, हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

अक्षांश-रेखांश देऊन ठिकाण शोधायला लावण्याचा प्रयोग दुसऱ्या फेरीतच सोडला. त्या छंदाची, म्हणजे जिओकॅशिंगची, जन्मकथा मला आवडते: 2 मे 2000 ला अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मरने एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. पण मोकळ्या आकाशाखाली 5 मीटरच्या आसपास नेमकं दाखवणारा फोन उंच इमारतींच्या फटीत गडबडतो, कारण उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात. आमची अख्खी टोळी अर्धा तास एका बंद शटरसमोर उभी होती. शिवाय गर्दीच्या जागी बेवारस डबा ठेवून येणं म्हणजे विनाकारण घबराट. माझा शेवटचा कुलूप लावलेला डबा माझ्याच मांडीवर असतो.

मनोऱ्याची सावली

वीस गुणांचं काम: मनोऱ्याची उंची सांगा, चढायचं नाही. साहित्य म्हणजे एक मीटरची काठी आणि मीटरमीटरवर गाठी मारलेली दोरी. काठी उभी धरली, सावली भरली 80 सेंटिमीटर. मनोऱ्याची सावली भिंतीपासून टोकापर्यंत 16.2 मीटर. पहिल्या टोळीने भागाकार केला, 20.25 मीटर लिहिलं आणि निघाली. दुसऱ्या टोळीत काका तिथेच घुटमळले. टोक काही भिंतीच्या वर नाही, ते मनोऱ्याच्या मधोमध आहे. मग मोजायचं मधल्या बिंदूपासून! पाया 6 मीटर रुंद, त्याचा अर्धा 3. 19.2 भागिले 0.8, बरोबर 24 मीटर. काकांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की वहीवाल्याने दोनदा विचारून घेतलं. चौथ्या फेरीत बाकावर बसलेल्यांत पहिले काका होते.

ढग आला असता तर हे सगळं बोंबललं असतं. पर्यायी काम मी ठेवलंच नव्हतं.

भाचीने मला पकडलं

बाजारातल्या गल्ल्यांसाठी मी गणितज्ञ ऑयलरचं कोडं घेतलं. कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, हा प्रश्न ऑयलरने 1736 मध्ये निकालात काढला: येणार नाही. कारण साधं आहे. एखाद्या जागी तुम्ही एका वाटेने येता आणि दुसरीने जाता, म्हणजे वाटा जोडीने खर्च होतात. विषम वाटा असलेली जागा फक्त सुरुवातीची किंवा शेवटची असू शकते. अशा जागा शून्य किंवा दोन असतील तरच फेरी जमते, आणि कोनिग्सबर्गमध्ये चारही भूभाग विषम होते.

मी गल्ल्यांचा छोटा नकाशा काढला, प्रत्येक गल्ली एकदाच चालून दाखवा, 50 गुण. दोन टोळ्या घाम गाळत फिरल्या. भाची नाक्यावर बसली, प्रत्येक नाक्याला किती गल्ल्या मिळतात ते बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "आत्या, तुझे चार नाके विषम आहेत. हे होणारच नाही." मी नकाशा बघितला. डाव्या कोपऱ्यातला एक बोळ काढायचाच राहून गेला होता. काय करणार, पन्नास गुण दिले. पुढच्या फेरीत एखादं काम मुद्दाम अशक्य ठेवावं का, याचा विचार सुरू आहे. बाकीच्यांनी ते कळल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून नको असं वाटतं.

कुलूप

डब्याला तीन आकड्यांचं कुलूप. आकडा मिळवायला दोन पायऱ्या. पहिली वर्णमालेची. आपली वर्णमाला म्हणजे आयती सांकेतिक चौकट आहे: क-वर्ग पहिली ओळ, च-वर्ग दुसरी, ट तिसरी, त चौथी, प पाचवी, प्रत्येकीत पाच अक्षरं. सहावी ओळ मी य र ल व श अशी जोडली. अक्षराची ओळ आणि तिच्यातलं स्थान मिळून दोन आकडे. 11 55 45 म्हणजे क-म-न, मात्रा तुम्ही लावा. समोर दगडी कमान असली की लगेच लागतात. मात्रा गाळल्यामुळेच डोळे आजूबाजूला फिरतात, आणि मला तेच हवं असतं.

मनोऱ्याजवळ मिळणारे आकडे होते 13 23 62. ग, ज, र. गजर. सावली मोजणाऱ्यांना डोक्यावर टोला पडला तेव्हा ते सुटलं.

दुसरी पायरी कटपयादीची. जुन्या ग्रंथांत आकडे शब्दांत लपवायची ही पद्धत: क, ट, प, य म्हणजे 1, ख, ठ, फ, र म्हणजे 2, असं पुढे. ग 3, ज 8, र 2. पण आकडे उजवीकडून लावायचे, म्हणून 283. हा नियम मी कागदाच्या तळाशी छापला होता. आणि कागद नेमका तिथेच दुमडला होता.

पहिली टोळी 382 लावून खटपट करत बसली. कुलूप हलवलं, ओढलं, फुंकर मारली. मावशीने निकाल दिला की कुलूपच खराब आहे. दुसऱ्या टोळीने घडी उलगडली आणि ते मिनिटभरात उघडलं. तिसऱ्या टोळीला गजरपर्यंत जाताच आलं नव्हतं. पण भाचा खाली बसला आणि 000 पासून एकेक आकडा लावू लागला. आकड्याला दोन सेकंद. साडेनऊ मिनिटांत कुलूप उघडलं, आणि तेही वेळ संपायला चार मिनिटं असताना. नियमात "डोकं वापरून" असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तीस गुण.

डब्यात खोडरबरावर कोरलेला शिक्का होता, प्रत्येकाने आपापल्या वहीत उमटवायचा. ही कल्पना इंग्लंडमधल्या डार्टमूरची. 1854 मध्ये तिथल्या एका वाटाड्याने दलदलीतल्या दूरच्या जागी बाटली ठेवली, पोहोचणाऱ्याने आपलं कार्ड तीत टाकावं म्हणून. पुढे त्याचा शिक्क्यांचा छंद झाला. माझ्या शिक्क्यावरचा मनोरा उलटा उमटला, कारण कोरताना मी आरसा-प्रतिमेचा विचार केला नव्हता. कोणी तक्रार केली नाही.

बाकीची कामं पटकन सांगते. कागदाकडे न बघता तीन मिनिटांत समोरची इमारत काढणं: जमलं, सगळ्यांची चित्रं सारखीच वाईट आल्याने कोणी लाजलं नाही. डोळे मिटून ऐकलेल्या आवाजांचा नकाशा: मोठ्यांना आवडलं, मुलं कंटाळली. अनोळखी माणसासोबत फोटो काढणं: कायमचं बंद, लोक आपल्या कामात असतात.

निकाल: दुसरी टोळी 240, तिसरी 215, पहिली 190. नदीपलीकडचं पन्नास कोणीच घेतलं नाही. बारापैकी सर्वांत जास्त ठिकाणं झाली नऊ.

सहाव्या फेरीसाठी चार आकड्यांचं कुलूप घेतलंय. भाच्याने हिशोब करून सांगितलं की 0000 पासून शेवटपर्यंत त्याला साडेपाच तास लागतील आणि त्याची तयारी आहे. वेळ 150 मिनिटांचीच आहे, हे मी त्याला आठवून दिलं. तो म्हणाला, "मग 9999 पासून उलटा येतो." आता असा शब्द शोधतेय, ज्याचा आकडा पाच हजाराच्या आसपास पडेल.