डाव मातीचे, गुण गादीचे

मातीत आठ-दहा वर्षं घाम गाळलेला पोरगा पहिल्यांदा गादीवर, म्हणजे गुणांच्या स्पर्धेच्या मॅटवर, उतरतो आणि मिनिटाभरात 10-0 हरून खाली येतो. वस्तादांना वाटतं पोरगं बुजलं. बहुतेक वेळा तसं काही नसतं, हिशेब मांडून बघा. समोरच्यानं एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून खेचला, पोरगा सवयीनं पोटावर गेला: 2 गुण. समोरच्यानं पाठीवरून दोन्ही हातांची कडी घातली आणि भारंदाज मारला, म्हणजे पोराला घेऊन उलटा फिरवला: आणखी 2. कडी सुटली नाही, तशीच फिरवली. पुन्हा 2, पुन्हा 2, पुन्हा 2. झाले 10. गादीवरच्या या कुस्तीत, म्हणजे फ्रीस्टाइलमध्ये, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. एवढ्या वेळात पोराचे खांदे एकदाही टेकवून धरलेले नाहीत. गावच्या फडात या कुस्तीला अजून रंगही चढला नसता.

‘मातीतले डाव आता चालत नाहीत’ असं म्हणणारे इथंच चुकतात. डाव चालतात. सवयी अडतात. आणि यातली प्रत्येक सवय मातीच्या नियमाला धरून अगदी बरोबर होती, म्हणून तर ती मोडायला इतकी जड जाते.

मातीतल्या निकाली कुस्तीत एकच गोष्ट मोजायची: चितपट. खाली जाणं म्हणजे हरणं नव्हे. उलट, मोठ्या ताकदीच्या पैलवानापुढं खाली बसायचं, कोपर बरगडीला लावायचं, मान आखडून घ्यायची आणि वरचा दमेपर्यंत थांबायचं, हे शहाणपण समजलं जातं. ही काही आपल्याच मातीची खोड नाही. 10 सप्टेंबर 1910 ला लंडनमध्ये हिंदुस्थानचा पैलवान गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती अडीच तासांवर चालली, तेव्हा झ्बिस्को जवळजवळ सगळा वेळ खाली ठाण मांडून होता. गामाला तो उलटवता आला नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. 1928 मध्ये पतियाळात दोघं पुन्हा भिडले, तेव्हा झ्बिस्कोला बसायची उसंतच मिळाली नाही. मिनिटाच्या आत खेळ खलास. आजच्या गुणांनी मोजलं असतं तर लंडनची कुस्ती पहिल्या काही मिनिटांतच गामाच्या खिशात गेली असती.

गादीवर पाठ आणि गादी यांच्यातला कोन 90 अंशांपेक्षा कमी झाला की धोक्याची स्थिती धरतात आणि गुण जातात. मातीत पाठ क्षणभर वळून परत आली तर कुणी विचारत नाही. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या माती विभागातल्या लढतीत बाहेरच्या टांगेला (बाहेरून पाय अडकवून पाडायच्या डावाला) 4 गुण दिले गेले आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. वादाचा मुद्दा नेमका हाच होता: पाठ खरंच धोक्यात आली होती का? या स्पर्धेत आता माती विभागातही गुण मोजतात, माती आणि गादी अशा दोन विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. म्हणजे ‘आम्ही मातीचे, आम्हाला गुणांशी काय’ असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

भारंदाजचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त कुस्त्या इथंच जातात. वरचा पैलवान कडी पोटाला घालत नाही, बरगड्यांच्या खालच्या कडेला घालतो. पोट मऊ, ते दबतं आणि कडी सैल पडते. बरगडीला धरलं की खालच्याचा श्वास वर अडकतो. मग तो डोकं पाठीत रुतवतो, आपली कंबर खालच्याच्या कमरेला चिकटवतो आणि मानेवर पूल (कमान) करत त्याला घेऊन वळतो. मातीचा पैलवान इथं काय करतो, तर अंग आखडून गोळा होतो. गोळा झालेलं अंग गोलच फिरणार. बचाव याच्या उलट आहे. कमरेची पुढची हाडं गादीत दाबून अंग लांब करायचं, आणि ज्या बाजूला फिरवतोय त्या बाजूचा हात-पाय लांब रोवायचा. खरा बचाव मात्र त्याही आधीचा: कडी लागायच्या अगोदर मनगट धरणं. कडी लागल्यावर बोटं सोडवत बसलात तर उशीर झाला. जोडीदाराला पाठीवर घेऊन 30 सेकंद त्यानं फिरवायचं, तुम्ही थांबवायचं, असे रोज सहा-आठ डाव घेतले तर दीड-दोन महिन्यांत अंग स्वतःहून लांब व्हायला लागतं.

आता पायाखालचं. लाल मातीत काव, हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मळलेली असते. ती मऊ असते, पाय घोट्यापर्यंत नाही पण तळव्याला धरेल इतका रुततो. त्यामुळं पट काढायला गुडघा टेकला की तो तिथंच थांबतो. पट संथ, म्हणून पवित्रा उंच ठेवला तरी चालतं, खडाखडीत (उभ्यानं मान-हात धरून झुंजताना) मानेवर हात टाकून सरळ उभं राहता येतं. गादीवर तोच गुडघा घसरत पुढं जातो आणि समोरचा डोळ्याचं पातं लवायच्या आत पायाशी येतो. उंच पवित्र्याला तिथं उत्तर नाही. कंबर खाली, छाती गुडघ्यांच्या पुढं, आणि पट आला की दोन्ही पाय मागं फेकून कमरेचं वजन त्याच्या खांद्यावर टाकायचं. नवशिक्यांची चूक अशी की पाय मागं फेकतात पण कंबर हवेतच राहते. मग समोरचा खालून सरकत येऊन पाय घेतोच.

दुसरी भानगड बुटांची. मातीत धोबीपछाड (पाठ फिरवून समोरच्याला अंगावरून फेकायचा डाव) मारताना टाच रोवून वळलं तरी पाऊल मातीसकट फिरतं. बुटाचा तळ गादीला धरून राहतो, पाऊल फिरत नाही, वरचं अंग फिरतं, आणि पीळ गुडघ्यात जातो. मातीतून आलेल्यांचे गुडघे पहिल्या वर्षात का जातात याचं मोठं कारण हेच. टाच उचलून चवड्यावर वळायचं, इतकीच दुरुस्ती आहे. पण ती डाव मारताना आठवत नाही. आधी बूट घालून, जोडीदाराशिवाय, नुसतं वळणं घोटावं लागतं.

पकडीचाही फरक. मातीत जांगियाच्या काठात बोटं अडकवून माणूस उचलता येतो, अडवता येतो. गादीवर कपडा धरणं बंद. जांगियावर जगणारे डाव तिथं सोडूनच द्यावेत, त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही. शिवाय हाताला लावायला माती नाही, पाच मिनिटांत अंग घामानं निसरडं होतं, म्हणून पकड दंडाच्या मधोमध ठेवण्यापेक्षा मनगटावर किंवा कोपराच्या लगेच वर, जिथं हाडाची खोबण आहे तिथं ठेवायची.

मग टिकतं काय? बरंच. दस्ती ओढून, म्हणजे समोरच्याचा हात खेचून, बगलेतून मागं जाणं जसंच्या तसं चालतं. ढाक, म्हणजे मान आणि दंड आवळून फेकणं, चालते. खाशाबा जाधवांचं नाव याच डावाशी जोडलं जातं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा गादी त्याला नवखी होती, तरी 52 किलोत सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत 57 किलोत कांस्य. अंग तेच, तालीम तीच, मधल्या काळात गादी ओळखीची झाली. अलीकडचं नाव घ्यायचं तर पाटोद्याचा राहुल आवारे: 2018 च्या राष्ट्रकुलमध्ये 57 किलोचं सुवर्ण, 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोचं कांस्य. तालमीतलाच पैलवान.

गादीवर सगळ्यात फायद्याचा मातीतला डाव माझ्या मते कलाजंग. समोरच्याचा उजवा दंड डाव्या हातानं कोपराच्या वर आवळायचा आणि आपल्या छातीकडं ओढून ठेवायचा. त्याच वेळी डोकं त्याच्या उजव्या बगलेखाली, आणि दोन्ही पायांच्या मध्ये आपला उजवा गुडघा. उजवा हात त्याच्या जांघेतून वर. आता उचलायचं नाही. सगळे इथंच उचलायला जातात आणि कंबर धरून बसतात. दंड खाली खेचत डाव्या बाजूला कलंडायचं, उजवा हात नुसता वर ढकलतो. त्याचं अंग खांद्यावरून आपोआप उलटतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. दंड सैल सुटला की तो हात काढून घेतो आणि पाठीवर येतो. गुडघा त्याच्या पायांमध्ये खोल गेला नाही की आपण लांबून ओढत राहतो आणि तो नुसता वजन टाकून आपल्याला चिरडतो. मातीत गुडघा रुतत असल्यानं पोरांना एक पाऊल आखूड टाकायची सवय असते. गादीवर वीतभर पुढं टेकायला शिकवा, निम्मा डाव तिथंच सुधारतो.

दमसासाबद्दल गैरसमज फार. हजार-हजार जोर-बैठका मारणारा पैलवान सहा मिनिटांत का फुगतो? कारण त्याचा दम संथ चालीचा आहे. गादीवर 3 मिनिटं, 30 सेकंद विश्रांती, पुन्हा 3 मिनिटं. कुस्ती न करता हात लावत फिरलात तर पंच आधी बजावतात, मग 30 सेकंदांचं घड्याळ लागतं आणि त्यात कुणालाच गुण नाही मिळाला तर एक गुण समोरच्याला जातो. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळातून पाय बाहेर पडला तरी एक. मातीत कडेला गेलं की पंच दोघांना मध्ये आणून सोडतात, म्हणून मागं सरकायची लाज वाटत नाही. जोर-बैठका, सपाट्या, हौद (आखाड्यातली माती) उकरणं हे सगळं राहू द्या, त्यानं मान, खांदे आणि पंजे घडतात, ते यंत्रावर तसे घडत नाहीत. पण आठवड्यातून तीन दिवस घड्याळ लावून लढत हवी, आणि तीही 15-20 सेकंद जीव तोडून, थोडं सावरून, पुन्हा जीव तोडून.

पिंजऱ्यातली, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, फास सगळं चालणाऱ्या एमएमएची गोष्ट आणखी वेगळी. तिथं पोटावर जाणं 2 गुणांवर भागत नाही. पाठीवरचा दोन्ही पाय आत अडकवतो, हनुवटीखाली हात सरकवतो, आणि गळा आवळला की हार मानून थाप मारावी लागते. पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला खाली राहिलं तर पुढूनच गळा सापडतो, त्याला गिलोटिन म्हणतात. कुस्तीतून आलेला भारत खंडारे नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला यूएफसी या एमएमएच्या स्पर्धेत उतरला आणि साँग यादोंगकडून पहिल्याच फेरीत याच फासात हरला. उपाय साधा आहे पण रोजचा आहे: कपाळ त्याच्या बरगडीला टेकलेलं, नजर वर, डोकं आतल्या बाजूला. गळा नाहीच, हातही सांभाळावा लागतो. डिसेंबर 1976 मध्ये कराचीत गामाचा पुतण्या अक्रम जपानच्या अँटोनियो इनोकीशी लढला. ताकदीला तो कमी नव्हता, पण इनोकीनं मनगट धरून हात मागं पिळला आणि सांधा निखळला. सांधे मोडणं हा डाव असू शकतो हे ज्याच्या तालमीतच नाही, त्याचं अंग त्या वेळी सुटायची धडपड करण्याऐवजी ताकदीनं अडून बसतं.

धोबीपछाडसुद्धा पिंजऱ्यात जपून. पाठ दाखवून मारायचा डाव फसला की पाठ त्याच्याच ताब्यात. ढाक मारताना नुसती मान धरली आणि दंड सोडला तरी तेच होतं, तो खालून निसटून मागं येतो. मान आणि दंड दोन्ही आवळलेले असतील तर पडल्यावरही तो आपल्या खालीच राहतो.

खडाखडीतली पकड मात्र तिथं सोन्याची. मानेवर पंजा टाकून समोरच्याला वाकवणं, मनगट नाचवणं, छातीला छाती लावून ढकलणं यात मातीचा पैलवान कुणाला ऐकत नाही. फक्त एक हात मानेवर असताना दुसरा मोकळा लोंबता कामा नये, कारण समोरच्याचा गुडघा आणि ठोसा तिथूनच येतो. दुसऱ्या हातानं त्याचा दंड आतून अडवलेला हवा. अर्जन भुल्लरनं 2021 मध्ये ब्रँडन व्हेराला हरवून वन चॅम्पियनशिप या एमएमए स्पर्धेचा हेवीवेट पट्टा घेतला. तो गदा खांद्यावर घेऊन मिरवतो, पण त्याआधी 2010 च्या राष्ट्रकुलमध्ये त्यानं कॅनडाकडून फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं होतं, हे विसरू नका. मातीतून थेट पिंजऱ्यात उडी मारू पाहणाऱ्या पोरांना मधली पायरी तिथं दिसेल.

जाता जाता एक. हौदाशेजारी गादी अंथरली की ती मातीसारखी आपोआप निभावत नाही. हौदातली माती रोज उकरली जाते, उन्हावाऱ्याला येते. गादीवर मात्र घाम तसाच राहतो आणि आठवड्याभरात निम्म्या तालमीला गजकर्ण होतं. रोज सराव संपल्यावर जंतुनाशकाचं फडकं मारा, आणि गादीवरचे बूट घालून बाहेर चहाला जाऊ नका.