पायलीचं पुस्तक, नोंद ७: कागद आडवा होता

मंडळी, पुस्तक उघडं राहिलं! आजीच्या धान्याच्या मापांवरचं पुस्तक मी हाताने बांधतेय, त्याची पाचवी डमी (नमुन्याची प्रत) टेबलावर ठेवली, मधोमध उघडली, हात काढून घेतला आणि पानं जागची हलली नाहीत. मी खुर्चीवर बसून दहा मिनिटं नुसती बघत होते. मग आईला हाक मारून दाखवलं. तिने पान उलटलं, तेही शांतपणे पडून राहिलं.

मागच्या नोंदीत चौथ्या डमीवर येऊन थांबले होते. जुजबंदी (फर्म्यांची दोऱ्याने शिवण) नीट झालेली, १६ पानांचे तीन फर्मे (घडी घालून एकात एक बसवलेले कागद), मेणवलेला लिननचा दोरा, पाच भोकं, दोरा कुठेही सैल नाही. पाठीला खळ लावली, फडक्याची पट्टी चिकटवली आणि रात्रभर पाट्याखाली ठेवलं. सकाळी काढून बघते तर शिवणीजवळ पानांना बारीक बारीक लाटा, आणि बाहेरची कड मात्र सरळ. उघडलं की पान स्प्रिंगसारखं परत उभं राहायचं. चारही डमींचं हेच रडगाणं.

दोष कुणाकुणाला दिला ते एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणाचा महिना वाचेल. आधी खळ. मैद्याची, चिमूटभर मोरचूद घातलेली. पातळ झाली असेल म्हणून घट्ट शिजवली. मग खळ सोडून पांढरा डिंक वापरला. मग दोरा सैल घेतला, तर पाठच डुगडुगायला लागली. मग पावसाळी हवेला दोष दिला आणि डमी एका खोक्यात बल्ब लावून सुकवली. लाटा तशाच. खरी खूण तर पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती: नुसतं शिवलेलं, खळीचा थेंबही न लागलेलं पुस्तकसुद्धा नीट उघडत नव्हतं. तिथेच कळायला हवं होतं की खळीचा यात संबंध नाही.

शेवटी चौथी डमी घेऊन पेठेतल्या एका जुन्या बायंडरकाकांकडे गेले. त्यांनी शिवण बघितलीच नाही. एक पान बोटांत धरून उभं वाकवलं, मग आडवं वाकवलं आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

"शिवण चांगली आहे गं. कागद आडवा घेतलास."

"म्हणजे काका?"

"ग्रेन. पाठीला समांतर पाहिजे. तुझा पाठीला आडवा चाललाय. आता दोरा कसाही ओढ, ऐकणार नाही तो."

कॉलेजात ग्रेन शिकवला होता, वहीत लिहूनही घेतलाय. पण हाताला कळणं वेगळं. कागद यंत्रावर तयार होताना लगदा पुढे सरकतो आणि त्यातले तंतू बहुतांशी त्या सरकण्याच्या दिशेला लांब पडतात. ती ग्रेनची दिशा. तंतूला ओल लागली की तो लांबीत जवळपास वाढत नाही, जाडीत मात्र चांगलाच फुगतो. म्हणून कागद ग्रेनला आडव्या दिशेने पसरतो. माझ्या डमीत ही पसरण्याची दिशा नेमकी पाठीच्या लांबीला होती. पाठ शिवलेली, त्यामुळे तिथे कागदाला पसरायला जागा नाही. मग तो लाटा काढणार. वाकवतानाही तेच: ग्रेनच्या दिशेने घडी सहज बसते, आडवी घातली की तंतू मोडावे लागतात आणि कागद अडून बसतो.

गडबड कुठे झाली ते मग लगेच दिसलं. आपण दुकानातून ए४ आणतो त्यात ग्रेन साधारण लांब बाजूला, २९७ मिमीच्या दिशेने असतो. तो मधे दुमडून ए५ केला की घडी २१० मिमीच्या बाजूला समांतर. म्हणजे असा ए४ दुमडून केलेलं प्रत्येक ए५ पुस्तक ग्रेनच्या विरुद्ध जातं. वर्गातल्या निम्म्या डमी अशाच आहेत, मी जाऊन वाकवून पाहिल्या.

उपाय कागदावर तरी सोपा वाटला. ए३ घ्यायचा, ज्याचा ग्रेन ४२० मिमीच्या दिशेने आहे, आणि मधोमध कापायचा. मिळालेल्या ए४ तुकड्यांत ग्रेन आता २१० च्या बाजूला येतो, दुमडल्यावर पाठीला समांतर. १२० जीएसएम वजनाचा मॅपलिथो (छपाईचा कागद), नॅचरल शेड, ए३ चं पाकीट आणलं, अर्धं पाकीट कापलं, आणि सुदैवाने शिवायच्या आधी एक पट्टी ओली करून बघितली. उलटा! दुकानदाराने मोठ्या शीटमधून जसे जास्त तुकडे बसतील तसे ए३ कापले होते. त्याला विचारलं तर म्हणाला, "कागद म्हणजे कागद, त्यात उभा-आडवा काय?" त्या दुकानात मी परत जाणार नाही. जो माणूस दिवसभर कागद विकतो त्याने हे सांगता आलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा आता माझा नियम: प्रत्येक पाकीट तपासायचं, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. वाकवून बघणं पहिलं. खात्री नसेल तर लहान चौकोन कापून एका बाजूने ओलं बोट फिरवायचं. कागद गुंडाळून नळी करतो, त्या नळीची दिशा तीच ग्रेनची दिशा. कापण्याआधी चौकोनावर पेन्सिलने बाण काढून ठेवा. मी पहिल्यांदा काढला नाही आणि चौकोन फिरवून ठेवल्यावर कुठली बाजू कुठली तेच कळेना.

मग ए५ चा हट्टच सोडला. अख्खं शीट घ्यायचं ठरवलं: २० × ३० इंच, ग्रेन ३० इंचाच्या दिशेने, गठ्ठ्यातलं वरचं शीट तपासून. आकडेमोड करत बसले. ए५ काढायला गेलं तर त्या शीटमध्ये सरळ ग्रेनचे तीनच तुकडे बसतात, बाकी सगळी कातरणं. पण २० चे दोन भाग आणि ३० चे चार भाग केले तर १० × ७॥ (साडेसात) इंचाचे आठ तुकडे, वाया काहीच नाही, ग्रेन सगळ्यांत ७॥ इंचाच्या बाजूला. दुमडलं की पान ५ × ७॥ इंच. हा तर क्राउन १/८! आजोबांच्या कपाटात याच मापाची कितीतरी पुस्तकं आहेत आणि मी आजवर तो आकार कुठून आला याचा विचारच केला नव्हता. शीट दुमडत जा, कागदच सांगतो पुस्तक केवढं असावं. पाचवी डमी याच मापाची.

आता याचा पुस्तकावर परिणाम. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: पुस्तक आजीच्या मापांवर आहे. भोरजवळच्या आमच्या गावी भात मापून द्यायचे तेव्हाची मापं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, पण आजी अजून तांदूळ चिपट्यानेच काढते. दर वेळी दुप्पट. आणि घडी घातली की कागदही दर वेळी दुप्पट पानं देतो: २, ४, ८, १६. हे दोन्ही एकच आहे हे परवा शीट दुमडताना लक्षात आलं, तेव्हा अंगावर काटा आला.

पुस्तकातल्या मापांच्या चित्रांच्या उंच्या बदलायची गरज नाही. माप दुप्पट झालं तरी उंची दुप्पट होत नाही, सुमारे १.२६ पट होते. तीन वेळा दुप्पट केलं की उंची बरोबर दुप्पट. त्यामुळे निळवं ३० मिमी, कोळवं ३८, चिपटं ४८, मापटं ६०, शेर ७६, अडशिरी ९५, पायली १२०. सातही लिनोचे ठोकळे (चित्र उलटं कोरून शाईने छापायचे) १२७ मिमी रुंदीच्या पानावर बसतात. अडचण फक्त भाताच्या राशीच्या ठोकळ्याची. तो दोन पानांवर पसरलेला, २७० मिमी रुंद, आणि आता समोरासमोरची दोन पानं मिळून २५४. तो कोरायला चार रात्री गेल्या होत्या. कापून लहान करावा असं वाटत होतं.

हे लिहिता लिहिताच बेत बदलला आहे. रास नकोच. पायली म्हणजे ६४ निळवी. निळव्याचा ठोकळा लहान आहे, जेमतेम १८ मिमी रुंद. तोच ६४ वेळा उमटवायचा! १६ ची एक ओळ, म्हणजे एक शेर. अशा चार ओळी, म्हणजे पायली. वाचणाऱ्याने बोट ठेवून मोजावं. आणि पान उलटलं की समोर एकटी पायली.

ओळ दोन पानांत मावत नाही, म्हणून मधल्या फर्म्याच्या बरोबर मध्यावर बाहेर उघडणारं दुमडतं पान घालणार. फर्म्याच्या मध्यावरच डावं आणि उजवं पान एकाच कागदाचं असतं, त्यामुळे ओळ शिवणीवरून सलग जाईल. डाव्या पानावर ६, मधल्यावर ५, दुमडत्या पट्टीवर ५. मधलं पान आणि पट्टी यांच्यातली घडी बाहेरच्या कडेपासून ६ मिमी आत घ्यायची, नाहीतर कटिंगला गिलोटिन (कागद कापायचं यंत्र) घडीच कापून टाकेल. पट्टी त्याहून आणखी ६ मिमी कमी. म्हणजे रुंदी १२७, १२१ आणि ११५ मिमी. सगळ्या घड्या पाठीला समांतर, सगळ्या ग्रेनच्या दिशेने. आडव्या ग्रेनवर हे पान महिनाभरात घडीवर फाटलं असतं.

१२ प्रती काढायच्या आहेत. म्हणजे ७६८ वेळा निळवं. शीटं २० लागतील, मी २६ आणली.

अक्षरांबद्दल थोडक्यात. मजकूर टिरो देवनागरी मराठी या फाँटमध्ये लावलाय, कारण त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. शेर, पायली, अडशिरी: माझ्या पुस्तकात ही दोन अक्षरं पानापानावर आहेत, तिथे हिंदी वळणाचा ल आला तर आजीचं पुस्तक राहणार नाही. इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू केली नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरं भलतीकडे जातात, हे नव्या मुलांनी आधी बघावं. मुखपृष्ठावरचं नाव मात्र हाताने, लिनोत उलटं कोरलं. शिरोरेषा दोन मिमीची ठेवली आणि ती अखंड उतरली! आधी दोनदा पा आणि य यांच्या मधे तुटली होती. या वेळी शिरोरेषेच्या दोन्ही बाजूंना कोरणी रेषेपासून दूर तिरकी धरली, म्हणजे खालचा पाया रुंद राहतो आणि दाबाखाली रेषा ढळत नाही.

मुखपृष्ठाचा कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला. १९४० पासून ते कागद करतात आणि तो हाताळताना समजतं. साच्यावर हाताने उचललेल्या कागदात तंतू सगळ्या दिशांना पडतात, ग्रेनची भानगड जवळपास नाहीच. आतली पानंही त्याचीच घ्यावीत असं क्षणभर वाटलं, पण घडीला जाड पडतो. राहू दे. रोलर आणि पुठ्ठ्यावरचं कापड बोहरी आळीतून.

एक शेवटची गोष्ट ठरली. गावी धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. म्हणून पहिल्या पानावर आकडा नसेल, 'लाभ' असेल. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग? दुसरं काय लिहिणार होतीस?"

आज रात्री पहिल्या दुमडत्या पानावर एक ओळ उमटवली. लाकडी डावाच्या (मोठ्या पळीच्या) पाठीने घासत, एकेक निळवं. सातव्याला शाई कमी पडली, ते फिकं आलंय, तसंच ठेवणार. पान दोरीवर वाळत आहे. या हवेत शाईला चार दिवस लागतील. उरलेले तीन शेर रविवारी.