घोटाळेकाका गेले

गौरी जेवून आज पाच दिवस झाले. पुरण कधीच पचलं. ते एक वाक्य काही पचत नाहीये.

परतीच्या लोकलमध्ये बयो माझ्या मांडीवर होती. दिवा गेलं, गाडी मुंब्र्याकडे निघाली. ती झोपलीय असं समजून मी खिडकीचा वारा लागू नये म्हणून तिच्या कानावर पदर ओढत होते. डोळे मिटलेलेच. म्हणाली, "घोटाळेकाका गेले."

"कुठे गं?"

"माहीत नाही. तू सगळ्यांना सांगितलंस ना."

आणि झोपली. कळव्याला गाडी नेहमीसारखी रेंगाळली, ठाण्याला उतरताना याने, म्हणजे नवऱ्याने, तिला खांद्यावर घेतलं, रिक्षात ती जागी झाली, घरी आल्यावर दूध मागितलं, प्यायली. तिच्या बाजूने विषय संपला. मी तेव्हापासून येता-जाता माळ्याकडे बघतेय.

बघण्यासारखं तिथे काही नाही. दोन बॅगा, बंद पडलेला मिक्सर, पाहुण्यांच्या गाद्या. मखर आजपर्यंत खालीच होतं, टीव्हीच्या बाजूला भिंतीला टेकवलेलं. माळ्यावर या मखराच्या मागे काका राहायचे. मुरमुरे खायचे, पण खारे नाहीत. खारे खाल्ले की खोकला येतो, खोकला आला की बाबा उठतात. रात्री खाली उतरताना आवाज होऊ नये म्हणून एका पायात दोन-दोन मोजे घालायचे. (आमच्याकडे प्रत्येक जोडीतला एकच मोजा का उरतो, ते तेव्हा कळलं.)

वहीत पहिली नोंद अशी आहे. वय तीन वर्षं दोन महिने. बाबा ऑफिसच्या फोनवर: "अरे, मोठा घोटाळा झालाय इकडे." बयो दाराकडे धावत: "आले? आई, चहा ठेव." दुसऱ्या दिवशी दूध सांडलं ते घोटाळेकाकांनीच सांडलं. मग रिमोट त्यांनी लपवला, भिंतीवर खडू त्यांनी ओढला, शेजारच्या आजींच्या कुंडीतलं मोगऱ्याचं फूल त्यांनीच तोडलं. आडनाव इतकं बेमालूम बसलं की सासूबाई एकदा झोपेतून उठून म्हणाल्या, "कुठले गं हे घोटाळे, सातारकडचे का?"

दोनशे पानी वही. मोठेपणी माणसाला तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा काही आठवत नाही, असं कुठेतरी वाचलं आणि त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. तिचं तिलाच आठवणार नाही, म्हणजे कुणीतरी ठेवायला हवं. मी ठेवते. तो व्हिडिओ काढतो, मी लिहिते, अशी वाटणी आपोआप झाली. "आजीला आज कष्टी आहे म्हणून ती साबुदाणा खाते." पितृपक्षात गच्चीवर: "पणजोबा आले, पण वरण-भात नाही खाल्ला, नुसता वडा घेऊन गेले. त्यांना भाजी पण खा म्हणून कोणी सांगत नाही का?" असं. त्यात काकांच्या एकतीस नोंदी. कालच मोजल्या. रात्री साडेअकराला बसून हे मोजायचं कारण विचारू नका.

त्या दिवशी डोंबिवलीला जेवणं आटोपली होती. विडे झाले, बायका जरा भिंतीला टेकल्या, पुरुष आडवे. अशा वेळी कुणीतरी काहीतरी सांगायचं असतं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या घोटाळ्यांचं काय नवीन?" आणि मी सुटलेच. मला सांगता येतं. म्हणजे ऑफिसात मीटिंगमध्ये माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही, पण काका मी असे उभे करते की बास. मोजे घालून उतरण्याची ती चाल करून दाखवली. मामेसासऱ्यांना ठसका लागला. बयोच्या चुलत दादाने विचारलं, "आणि घोटाळेकाकू कुठेयत?" मग तर घर दणाणलं.

बयो स्वयंपाकघराच्या दारात होती. फ्रॉकची झालर तोंडात. हसत नव्हती.

मी तिला पाहिलं होतं. हेच ते. पाहिलं नसतं तर गोष्ट वेगळी. पण मी पाहिलं, तिला नजरेने "ये ना" म्हटलं, आणि पुढे बोलत राहिले, कारण गॅसवालं वाक्य अजून राहिलं होतं. ते सगळ्यांत जास्त चालतं. "काकांना बायको नाही, कारण त्यांच्याकडे गॅस नाहीये." चाललंच. सासूबाई डोळे पुसत होत्या.

परवा रात्री तो व्हिडिओ शोधून काढला. मला माझी बाजू हवी होती बहुतेक. तिनेच तर सगळं सांगितलंय, जगजाहीर आहे, गुपित कधी होतं, असं काहीतरी. मिनिट-दीड मिनिटाचा आहे. त्यात मी विचारते, "काकांना बायको का नाही?" ती म्हणते, "नाहीए." मी विचारते, "गॅस नाही म्हणून का?" ती माझ्याकडे बघते, जरा थांबते आणि म्हणते, "हो."

म्हणजे वहीतलं सर्वांत गाजलेलं वाक्य माझंच. तिने फक्त सही केली.

मग बाकीचे तीसही तपासावेत असं वाटलं. तपासले नाहीत. "पणजोबा भाजी"मध्येसुद्धा "कोणी सांगत नाही का" हे कुणाचं होतं, शपथेवर सांगता येणार नाही. पण मोज्यांचं तिचंच आहे. खोकल्याचंही. खारे मुरमुरे... असो.

एक मात्र मनात येतं ते लिहूनच टाकते. माझं कुणी काही लिहिलेलं नाही. आईला एकदा विचारलं होतं, मी लहानपणी काय बोलायचे? भाजी निवडताना म्हणाली, "बोलायचीस की. सगळीच पोरं बोलतात." दोन भाऊ, चाळीतल्या दोन खोल्या, तिला कुठे वेळ. माझ्याबद्दलची एकच गोष्ट घरात चालते, मी नाकात चिंचोका घातला होता ती. तीसुद्धा धाकटा म्हणतो की त्यानेच घातला होता. म्हणून मला वाटायचं, हिला तरी मिळावं. उद्याची भाजी चिरून, डबे धुऊन, डोळे मिटत असताना मी लिहिते. एक दिवस चुकवलेला नाही, तापातसुद्धा नाही. आणि त्याचं फळ काय, तर तू सगळ्यांना सांगितलंस ना. आईपणात कुणी आभार मानत नाही हे ठाऊक आहे, पण निदान काका तरी राहायला हवे होते. मलाच ते जास्त लागत होते की काय, कोण जाणे. घरात काही फुटलं की मी आधी माळ्याकडे बघायचे.

हे सगळं याला सांगितलं, जरा नाक ओढतच. त्याने आधी व्यवहार सांगितला: गणपतीत मखर खाली आलं, माळा झाडला, बॅगा हलवल्या, माणूस राहणार कुठे? पुनर्विकासात जातात तसे गेले असतील, भाडं घेऊन येतील परत. मग माझं तोंड बघून म्हणाला, "अगं, डार्विननेपण अशी वही ठेवली होती पोराची."

त्याला वाटलं मला बरं वाटेल. मी मोबाइल घेऊन गॅलरीत बसून वाचलं.

खरंच ठेवली होती. थोरला मुलगा 1839 च्या डिसेंबरात झाला तेव्हापासूनची टिपणं. पहिल्या सात दिवसांत शिंक, उचकी, जांभई, आळोखेपिळोखे. दाई काय लिहील असं. सदतीस वर्षं तशीच पडून होती, मग 1877 मध्ये 'माइंड' नावाच्या नियतकालिकात त्यांचा लेख झाला. त्यात पोराचं लाडाचं नावही आहे, डॉडी. डॉडी तोवर साउदॅम्प्टनला बँकेत बसणारा, सदतीस वर्षांचा भला माणूस. त्याला कुणी विचारलं होतं का, ते लेखात नाही.

बरोब्बर एक वर्षाचा झाला तेव्हा या पोराने जेवणासाठी स्वतः एक शब्द काढला, त्याचं डार्विनला केवढं कौतुक. शब्द कुठला, तर "मम्". मला एकटीला गॅलरीत हसू फुटलं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणतील, त्यात काय, आमच्याकडे पणजीपासून मंमंच म्हणतात. जगातला एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या लेकराचा शोध आमच्या ताटात आयता पडलेला.

पुढे मात्र हसू गेलं. पोरगं पावणेतीनच्या आसपास असेल. जेवणघरातून बाहेर येतंय, अंगावरचा एप्रन नीट गुंडाळून धरलेला, आणि त्याचीच नजर सारखी त्या गुंडाळीवर. बापाने हटकलं. म्हणे, आत काही नाही. आणि बापाला हुकूम, जा. पुन्हा पुन्हा, जा. बापाने उघडून बघितलंच. आत लोणच्याच्या रसाचे डाग. तेही लिहिलं, आणि "जा" म्हणाला तेही लिहिलं, आणि हे ठरवून केलेलं लबाडीचं काम आहे असा शेराही मारला.

मी ते चारदा वाचलं. पोरगं "जा" म्हणतंय. दोन हातांनी गुंडाळी धरून. त्याच्या जगात तेवढी एकच गोष्ट त्याची आहे, ती पण लोणच्याची.

आणि खरं सांगू? मीही उघडून बघितलं असतं. लिहिलंही असतं. गौरीजेवणात चाल करून दाखवली असती. डार्विन निदान सदतीस वर्षं गप्प तरी बसला, माझ्याच्याने संध्याकाळपर्यंत धीर निघत नाही. इथेसुद्धा बघा, बयो बयो म्हणून, शाळेतलं नाव न घालता, सगळं सांगून मोकळी झालेच की.

आज मखर वर ठेवलं. हा स्टुलावर, मी खालून आधार देतेय.

"पूर्ण आत ढकलू?"

"नको. मागे वीतभर जागा सोड."

"का? काका गेले ना?"

"पाली होतात," मी म्हटलं. त्याने सोडली. बयो हॉलमध्ये चित्र रंगवत होती, तिने मान वर केली नाही. मुरमुऱ्यांच्या डब्याचं झाकण नीट लावलेलं आहे. मी दोनदा बघितलं. उगाच आपलं.

सकाळचं राहिलंच. आज पहाटे तिच्या गादीवर शू झाली. किती महिन्यांनी. तिने उठवलं नाही, स्वतःच चादरीचा बोळा करून पलंगाखाली सारला आणि कोरड्या बाजूला येऊन झोपली. मी केर काढायला वाकले तेव्हा सापडला. ती मागेच उभी होती. एरवी अशा वेळी दोघी एकदम माळ्याकडे बघायचो. आज तिने माझ्याकडे बघितलं.

"हे वहीत लिहिणार?"

"नाही गं."

"का?"

"तुला नाही आवडत ना."

बराच वेळ विचार केला. एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत.

"लिही. पण दादाने केली असं लिही."

"दादाने?"

"हो. दादा मोठा आहे तरी करतो. असं पण लिही."

रात्री भाजी चिरून झाल्यावर वही काढली. तिने सांगितलं तसं, शब्दाला शब्द, माझ्या पदरचं काही न घालता लिहिलं. खाली तारीख घातली. दादा काल रात्री डोंबिवलीला स्वतःच्या घरी झोपला होता. चादर आमच्या गॅलरीत आहे, आणि हा पाऊस बघता उद्यापर्यंत काही वाळायची नाही.