डायरीतलं रिकामं पान

आज दिवसभर गर्भनिरोधक गोळीच्या चाचणीतल्या डायऱ्या समोर होत्या, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

'गोळी ९९ टक्के खात्रीची' असं आपण सहज म्हणतो. असे आकडे या पानांतूनच निघतात. चाचणीतल्या बाईने रोज तीन खुणा करायच्या: गोळी घेतली का, संबंध आला का, निरोध वापरला का. हिशोब असा: राहिलेले गर्भ गुणिले १३००, भागिले एकूण चक्रं. २८ दिवसांची १३ चक्रं म्हणजे वर्ष, आणि बायका १००, म्हणून १३००. १३,००० चक्रांत १० गर्भ राहिले, तर पर्ल इंडेक्स, म्हणजे वर्षभरात शंभर बायकांमागे राहिलेले गर्भ, १. पण निरोध वापरलेली किंवा संबंधच न आलेली चक्रं वगळायची. अशी २,००० गेली की तोच आकडा १.१८ होतो. वगळली नाहीत तर गोळी आहे त्याहून चांगली दिसते, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

रक्तस्रावाची नोंद वेगळी. पॅड लागलं तर रक्तस्राव, नाही लागलं तर डाग. अवेळी जाणाऱ्या रक्तामुळे कितीतरी जणी चाचणी अर्ध्यात सोडतात. आठवड्याची पानं एकदम भरली की नेमकं हेच निसटतं. सातही खुणा एकाच शाईत, एकाच दाबाने. लगेच ओळखू येतं. बाईवर रागावू नका. रिकामं पान चालेल, आठवून भरलेलं नको, एवढं पहिल्याच दिवशी सांगा.

आणि टीबीचं रिफाम्पिसिन! त्याने यकृतात हार्मोन झपाट्याने मोडतं, गोळीचा भरवसा राहत नाही. 'औषधं चालू आहेत का?' विचारलं की बहुतेकदा 'नाही' येतं. पिशवी मागवून पाकिटंच बघा.