तुम्ही विचारलेत म्हणून : छतावरचा पाहुणा आणि बाटलीचे बूच

क्राफ्ट बिअरच्या एका लहान उत्पादकासाठी मी अजिंठ्याच्या चित्रावरून लोगो केला, हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : विहारातले चित्र बिअरच्या बाटलीवर आणताना तुम्हाला काही वाटले नाही का? वाटले, आणि म्हणूनच हे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे.

उत्पादकाला पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व हवा होता. त्याच्या हातातल्या कमळाच्या जागी जवाचे कणीस दाखवावे, अशी त्याची कल्पना होती, आणि कागदावर ती सुबकही दिसली असती. मी स्पष्ट नकार दिला. बोधिसत्त्वावर आजही लोकांची श्रद्धा आहे आणि मद्यापासून दूर राहणे हे तर पंचशीलातले पाचवे शील आहे. धार्मिक भावना दुखावतील अशा चिन्हाची नोंदणी १९९९ चा ट्रेडमार्क कायदाही होऊ देत नाही. पण तो कायदा नसता, तरी माझे उत्तर बदलले नसते.

मात्र त्याच पहिल्या लेण्यात मान वर केली की छतावर निराळीच मंडळी भेटतात. टोपी घातलेला, दाढीवाला एक परदेशी पुरुष ऐसपैस बसला आहे, त्याच्या हातात पेला आहे, शेजारी एक स्त्री आहे आणि दिमतीला सेवक आहेत. एकोणिसाव्या शतकात वास्तुकलेचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांना त्याच्यात इराणचा बादशहा दुसरा खुस्रो दिसला होता. आता या लेण्याचे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळचे मानले जाते, त्यामुळे पुढच्या शतकात जन्मलेला खुस्रो तिथे असू शकत नाही. मला तो दूरदेशाहून आलेला, मनापासून रमलेला एक पाहुणा वाटतो. चित्रकाराने त्याला वंदनासाठी काढलेले नाही; फळे, फुले आणि प्राणी यांच्या नक्षीने भरलेल्या छतावरची एक चौकट त्याला दिली आहे. माझ्या लेखी हा फरक फार मोठा होता.

छायाचित्रावरून गिरवणे मी कटाक्षाने टाळले. चित्र दीड हजार वर्षांपूर्वीचे असले, तरी त्याच्या छायाचित्रावर छायाचित्रकाराचा हक्क असू शकतो. शिवाय छायाचित्रात रेषेचा दाब हरवतो. लेण्यातल्या मंद उजेडात, मान अवघडेपर्यंत वर पाहत मी पेन्सिलीने टिपणे केली. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच भिंतींच्या आणि छतांच्या प्रतिकृती करत होते, आणि त्यांतल्या कित्येक पुढे लंडनला आगीत जळाल्या. त्यांच्या चिकाटीची खरी कल्पना मला त्या दिवशी आली.

पहिला आराखडा चुकला तो पेल्यापाशी. बिअर आहे म्हणून मी पाहुण्याच्या हातात फेसाळता, कानाचा मग दिला आणि क्षणात तो माणूस परका झाला. त्या हाताची बोटे मुळी मगासाठी वळलेलीच नव्हती. पेला पूर्ववत केला आणि फेस काढून टाकला. बिअरची ओळख अक्षरांनी करून द्यावी, चित्रावर ते ओझे टाकू नये, असे माझे ठाम मत झाले.

दुसरी अडचण आकाराची होती. बाटलीचे पत्र्याचे बूच जेमतेम २६ मिलिमीटरचे असते. तेवढ्या जागेत दाढीचा डाग झाला, स्त्री आणि सेवक दिसेनासे झाले. अशा वेळी मला फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचे १८८२ चे, पॅरिसमधल्या फोली-बर्जेरच्या बारचे चित्र आठवते. त्यात बाटल्यांच्या लेबलांवर बास या ब्रिटिश बिअर कंपनीचा लाल त्रिकोण आहे. ब्रिटनमध्ये १८७६ साली नोंदवलेला हा पहिला ट्रेडमार्क. चित्रकाराच्या कुंचल्याच्या एखाद-दोन फटकाऱ्यांतही तो चटकन ओळखता येतो. माझा पाहुणा तसा ओळखू यावा, तर त्याचे काय ठेवायचे?

उत्तर त्याच्या पायांत सापडले. पाहुण्याने पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातले आहेत. आराखड्यात मी सात पट्टे काढले होते, ते पाच केले, मग तीन. बुचाच्या आकारात छापून, हातभर अंतरावरून पाहिले, तेव्हा तीनच पट्टे एकमेकांत न मिसळता उभे राहिले. शेवटी टोपी, पेला आणि दुमडलेल्या पायावरचे तीन पट्टे एवढेच राहिले. अजिंठ्यात आधी तांबूस रेषेने आकृती बांधत आणि रंग भरून झाल्यावर गडद रेषेने ती पुन्हा पक्की करत. त्या शेवटच्या रेषेची जाड-बारीक लय मात्र मी सोडली नाही. सगळीकडे सारख्या जाडीची रेषा वापरली असती तर छपाईला सोपे गेले असते, पण मग तो पाहुणा कुठल्याही गावचा झाला असता.

उत्पादकाला लोगोखाली ‘अजिंठा’ असे नावही हवे होते. ते आम्ही बाटलीवर कुठेही छापलेले नाही.