तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात एवढे सुपरकॉम्प्युटर, मग तुमचं मॉडेल रात्रभर का चालतं?

कारखान्यांसाठी सिम्युलेशन, म्हणजे कामाची संगणकावर नक्कल, करतो म्हटलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला. सोसायटीतले काका विचारतात, चाकणचे प्लँट मॅनेजर विचारतात, इंटर्नशिपची मुलं तर पहिल्याच आठवड्यात विचारतात. "सीडॅक या सरकारी संस्थेनं १९९१मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर केला. पाषाणला आयआयटीएम या हवामान संस्थेत आता ११.७७ पेटाफ्लॉप्सचा (हे गणिताच्या वेगाचं माप) 'अर्का' आहे. आणि तुम्ही एका असेंब्ली लाइनचं मॉडेल संध्याकाळी लावून सकाळी उत्तर बघता?"

हो, बघतो.

हवामानाच्या मॉडेलमध्ये पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात आणि सगळ्यांचं घड्याळ एकच, ठरावीक पावलांनी चालणारं. चौकोन हजारो प्रोसेसरांना वाटून देता येतात. आमचं घड्याळ मात्र उड्या मारतं. ९:०४ला गाडीची बॉडी स्टेशनवर आली, ९:०६ला बोल्ट आवळून झाले; मध्ये काहीच घडलं नसेल तर मॉडेल ती दोन मिनिटं हिशेबातच धरत नाही. पुढच्या घटनांची एक यादी असते. तिच्यातली सर्वांत आधीची उचलायची, घडवायची, तिच्यामुळे होणाऱ्या नव्या घटना यादीत टाकायच्या. नॉर्वेत डाल आणि नायगार्ड यांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही प्रोग्रामिंगची भाषा याच कामासाठी रचली. आजच्या प्रोग्रामिंगमधले क्लास आणि ऑब्जेक्ट तिथून आले, हे मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं.

गोची या यादीत आहे. समजा पेंट शॉप एका प्रोसेसरवर दिलं आणि असेंब्ली दुसऱ्यावर. असेंब्लीचं घड्याळ ११ वाजता पोचलं, आणि मागे रेंगाळलेलं पेंट शॉप सांगतं, "१०:२०ला एक बॉडी पाठवलीय." आता असेंब्लीनं पुढे जे केलं ते सगळं चुकीचं.

यावर दोन तोडगे निघाले. चंडी आणि मिश्रा या, शिक्षण भारतात सुरू करून अमेरिकेत गेलेल्या संगणकशास्त्रज्ञांच्या जोडीनं १९७९मध्ये सावध वाट दाखवली: आधीच्या वेळेचं काही येणार नाही याची खात्री होईपर्यंत थांबायचं, आणि सगळेच अडकून बसू नयेत म्हणून एकमेकांना रिकामे निरोप धाडायचे, "माझ्याकडून अमुक वेळेआधी काही नाही." डेव्हिड जेफरसननं १९८५मध्ये उलटं सुचवलं. बिनधास्त पुढे जा. उशिराची पावती हाती आल्यावर कारकून वहीतली पानं खोडून पुन्हा लिहितो, तसं मागे या. पाठवून झालेले निरोप रद्द करणारे निरोपही पाठवा. मला हा तोडगा वेडेपणाचा वाटायचा. पण २०१३मध्ये अमेरिकेतल्या सेक्वोया या सुपरकॉम्प्युटरच्या १९,६६,०८० कोअरवर (कोअर म्हणजे प्रोसेसरातला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) याच पद्धतीनं सेकंदाला ५०,४०० कोटी घटना चालवून दाखवल्या. अर्थात, चाचणीसाठी रचलेल्या कृत्रिम मॉडेलवर.

आमची लाइन त्या मानानं चिमुकली. ती तोडून वाटली तर कामापेक्षा निरोपानिरोपीतच वेळ जाईल, म्हणून एक रन, म्हणजे मॉडेल एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवणं, एकाच कोअरवर चालतो. तो फार वेळ खातही नाही. रात्र जाते ती दुसरीकडे. मशीन कधी बंद पडेल, ट्रक किती उशिरा येईल, हे आकडे यादृच्छिक घ्यावे लागतात. एका रनमध्ये दिसते ती घडू शकणाऱ्या असंख्य शिफ्टांपैकी एक. तेव्हा दर पर्यायासाठी, म्हणजे बफर (दोन स्टेशनांमधली माल थांबवायची जागा) लहान की मोठा, फोर्कलिफ्ट दोन की तीन, वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्यापासून सुरू होते तो आकडा) पुन्हा पुन्हा चालवायचं. या प्रतींचा एकमेकींशी संबंध नसतो, त्यामुळे इथं जास्त कोअर खरोखर कामी येतात. पण कोअर असतात, तेवढ्या प्रती एकदम चालवायची सॉफ्टवेअरची लायसन्स नसतात! मॅनेजरसाहेबांना हे पटतं, कारण खर्चाची भाषा त्यांना कळते. दर रनचं उत्तर वेगळं असलं तरी "एकच आकडा द्या ना" हा आग्रह मात्र सुटत नाही.

हल्ली मुलं म्हणतात, मशीन लर्निंगला हजारो रन दाखवा, मग ते क्षणात उत्तर देईल. देतं. बफरचा आकार थोडा इकडेतिकडे करायचा असेल तर मीही तेच वापरतो. पण लाइनवर नवा रोबो आला, पाळ्या बदलल्या, की त्यानं न पाहिलेल्या लाइनबद्दल ते तितक्याच आत्मविश्वासानं काहीही सांगतं. तेव्हा शिकवायला पुन्हा हजारो रन लागतात, आणि ते कुठून येतात ते वर सांगितलंच आहे.