ट्रॅकला पण चालेल आन् सात रस्त्याला पण, असला ब्रेक पॅड कुठंय?

एकच पॅड सांग जो सोलापुरात रोज कामावर जायला पण चालेल आणि ट्रॅक डेला (रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) पण टिकेल, असं विचारणारे लई झालेत, म्हणून एकदाच लिहून टाकतो. असला पॅड नाही. मधला मार्ग आहे, पण त्यात कुठली बाजू सोडायची ते आधी ठरवा, आणि मला विचाराल तर ट्रॅकची बाजू सोडा.

का ते सांगतो. पॅड चाकाच्या डिस्कला घासून गाडी थांबवतो, म्हणून त्याचा सगळा खेळ टेम्परेचरचा. अस्सल रेसिंग कंपाउंड, म्हणजे पॅडचा मसाला, नीट धरायला आधी तापावं लागतंय, गार तव्यावर भाकरी टाकून काय होणार. सकाळी घरातनं निघालात, दिवसातला पहिला जोराचा ब्रेक सात रस्त्याच्या गर्दीच्या चौकात, समोरचा रिक्षावाला हात न दाखवता वळला, आणि तुमचा महागडा पॅड अजून थंडच आहे, मग पेडल दाबलं तरी गाडी पुढंच चाललीय. ट्रॅकवर पॅड फेड झाला, म्हणजे तापून त्याची पकड गेली, तर रनऑफ असतोय, ट्रॅकच्या कडेची मोकळी जागा, स्पीड सोडून हळूहळू पिटमध्ये येता येतं. सात रस्त्याला रनऑफ कुठनं आणायचा बे?

दुसरा गैरसमज म्हणजे भारी पॅड टाकला की गाडी लवकर थांबते. अहो, कंपनीच्या पॅडवर पण जोरात ब्रेक मारला की एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) लागतोच ना? मग तिथं कमी पडतोय तो टायर, पॅड नाही. शहरातला एकच पॅनिक ब्रेक सुधारायचा असेल तर पैसे टायरात घाला. चांगल्या पॅडचा फायदा दहाव्या-बाराव्या ब्रेकला कळतो, जेव्हा साधा पॅड हात वर करतो. हिशोब बघा: एनर्जी स्पीडच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढते, म्हणून ६० वरून गाडी पूर्ण थांबवताना जेवढी उष्णता तयार होते त्याच्या पाचपटीहून जास्त १६० वरून ८० वर आणताना होते. आणि ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला, मध्ये गार व्हायला वेळ न देता. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ चं ऊन असतं म्हणून लोक घाबरतात, पण पॅडला त्यानं काही फरक पडत नाही, त्याचा विषय शेकडो डिग्रीत चालतो.

दुकानात गेलात तर पॅडच्या कडेला छापलेलं कोड बघा, शेवटी दोन अक्षरं असतात, एफएफ किंवा जीजी असं काहीतरी. पहिलं अक्षर नॉर्मल तापमानाचं घर्षण, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे घर्षणाचा आकडा ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.४५ पर्यंत, जी ०.५५ पर्यंत. एफई दिसलं तर गरम झाल्यावर पकड उतरते हे तिथंच लिहिलंय की. पण जीजी आहे म्हणून ट्रॅकला चालेल असं समजू नका, त्या अक्षरांवरनं पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल यातलं काहीच कळत नाही. काउंटरवरचा माणूस "घ्या की सर, एक नंबर माल हाय" म्हणणारच, त्याला ही अक्षरं वाचून दाखवायला सांगा.

पॅडच्या आधी ब्रेक ऑइल बदला, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण कंटाळा करतो. ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उकळायचा पॉइंट खाली येतो. डॉट ४ या ग्रेडच्या ऑइलचा हा पॉइंट किमान नवं असताना २३० डिग्री, पाणी धरल्यावर १५५. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, ऑइल उकळलं की बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. पॅड फेड झाला तर पेडल कडकच राहतं पण गाडी थांबत नाही, म्हणजे दुखणं कुठलं ते पायालाच कळतं. मोटुल आरबीएफ ६०० सारख्या ऑइलचा ड्राय पॉइंट, म्हणजे नवं असतानाचा, ३१२ आहे, ट्रॅकच्या आधी ते घालून ब्रेकच्या लाइनमधली एअर नीट काढून घ्या. डॉट ५ मात्र चुकूनसुद्धा ओतू नका, ते सिलिकॉनचं असतंय, यात मिसळत नाही.

आता आपली सोलापूरकरांची खरी अडचण. ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई काय न कोइमतूरचं करी काय, हजारेक किलोमीटरचा मामला, आणि गाडी ट्रेलरवर न्यायची ऐपत किती जणांची? त्याच गाडीनं जायचं, त्याच गाडीनं यायचं. म्हणून वर्षाकाठी एखादा ट्रॅक डे करणाऱ्यानं चांगला स्ट्रीट परफॉर्मन्स पॅड (रस्त्यासाठीचाच, पण जास्त उष्णता सोसणारा), नवं ऑइल आणि छोटी सेशन्स एवढंच करावं. खरंच नाद लागलाय त्यानं दोन सेट ठेवावेत, डिकीत जॅक, पाना आणि ट्रॅकचे पॅड, तिथं पोचल्यावर बदलायचे आणि निघताना परत रोजचे बसवायचे. पुढचे पॅड बदलणं अवघड काम नाही, एकदा मिस्त्रीजवळ उभं राहून बघून घ्या.

बेडिंग, म्हणजे नवे पॅड डिस्कवर नीट बसवून घेणं, न करता ट्रॅकवर जाऊ नका. तुळजापूर रोडला पहाटे ट्रक कमी असताना, आरशात मागं कोणी नाही बघून, ८० वरून २० पर्यंत जोरात पण एबीएस न लागता, गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा. थोडा जळका वास येतो, घाबरू नका. मग तसंच पुढं आरामात चालवत राहा, डिस्क गार होऊ द्या. गरम असताना पेडल दाबून उभं राहिलात की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क बेंड झाली, बहुतेक वेळा ती बेंड नसतेच.

ट्रॅकवर पण तेच, शेवटचा लॅप ब्रेक जवळपास न वापरता काढा आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा.